तालाबोंगची बाजू

१९१६ च्या जूनमध्ये डॉन वेन्सेस्लाओ दिस्तुरा निवडणूक हरले. आकडे कळले तेव्हा ते घरच्या खिडकीपाशी बसून गुडघे चोळत होते.

"हरलो," ते बायकोला म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "बरंच झालं."

पोन्यांग शेवग्याचा पाला निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "बरं होणार होतं तर उभा कशाला राहिलास?"

ते पुन्हा गुडघे चोळू लागले. नऊ वर्षं ते मनिलाच्या विधानसभेत आमच्या किनाऱ्याचे प्रतिनिधी होते. सांता रुफिना हे त्यांचं गाव, आणि गावात त्यांना सगळे डॉन इस्लाओ म्हणत. बाप चर्चच्या घंटा वाजवायचा. पाद्र्यानं पोराची हुशारी पाहून लॅटिन शिकवलं, कुणी दोन नातेवाइकांनी मनिलाचा खर्च उचलला, आणि स्पेनच्या अमदानीत ते वकील होऊन परत आले. वकिली जेमतेम रुळते आहे तोवर लढाई आली. आधी स्पॅनिशांशी आणि मग अमेरिकनांशी. डॉन इस्लाओ डोंगरात गेले. बंदूक त्यांनी कधी उडवली नाही, सेनापतीची पत्रं तेवढी लिहिली. दोन वर्षांत हिवतापानं नुसती हाडं उरली, तेव्हा खाली उतरून त्यांनी अमेरिकेच्या झेंड्यापुढे हात वर केला आणि शपथ घेतली. आपण थकलो ते त्या दिवशी, असं ते पुढे सांगायचे. तेव्हा त्यांचं वय अडतीस होतं.

१९०७ साली पहिली निवडणूक झाली तेव्हा ते उभे राहिले ते 'ताबडतोब स्वातंत्र्य' एवढ्या दोन शब्दांवर. बँड वाजला, फटाके उडाले, निवडून आले. दर अधिवेशनाला इलोइलोहून बोटीनं मनिलाला जायचं, ठराव मांडायचा, टाळ्या घ्यायच्या, आणि उलट्या करत परत यायचं. पहिल्या वर्षी गावकरी आदरानं विचारत, "डॉन इस्लाओ, काय म्हणतंय स्वातंत्र्य?" तिसऱ्या वर्षापासून बाजारातल्या मासळीवाल्या विचारू लागल्या, "काय हो, ताबडतोब आलं का? की अजून बोटीतच आहे?" ते हसून पुढे जात. नवव्या वर्षी कुणी विचारतही नव्हतं.

पण एक काम आपण केलं असं त्यांना वाटत असे. १९१३ मध्ये जमिनीच्या मोजणीचा कायदा आला. सरकारनं गावच्या गाव मोजायची, ज्याची जमीन त्यानं मुदतीत कोर्टात दावा लावायचा, आणि एकदा कोर्टानं पट्टा दिला की फसवणूक दाखवून तो रद्द करायला एक वर्ष, त्यानंतर तो दगडावरची रेघ. डॉन इस्लाओ त्या कायद्याच्या बाजूनं एक तास स्पॅनिशमध्ये बोलले. गरिबाचं घर बांबूचं असतं, त्याला निदान भिंत तरी कागदाची द्या, असं काहीसं ते म्हणाले होते. ते भाषण छापून आलं. त्याची एक प्रत घरात काचेत लावलेली होती.

निवडणूक हरल्यावर ते मनिलाहून आपली पेटी घेऊन आले आणि खिडकीत बसून राहिले. वकिलीची पाटी पुसून पुन्हा लावायची होती, ती लावली नाही. लेक मेनिंग गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. ती म्हणाली, "ताताय, मी लावते पाटी." ते म्हणाले, "राहू दे. पाटी लावली की लोक येतात."

पाटी नसतानाही लोक आले. ऑगस्टच्या एका सकाळी तालाबोंगहून तिघं आली, दोन पुरुष आणि एक बाई. तालाबोंग म्हणजे नदीच्या मुखाशी खाजणातली वस्ती. तिथली माणसं निपाच्या, खाजणातल्या बुटक्या ताडाच्या, पानांची झापं विणतात, त्याच झाडाच्या रसाचा शिरका करतात, चिंबोऱ्या धरतात. त्यांच्यापैकी कुणालाही मत नव्हतं, कारण मत वाचता येणाऱ्याला किंवा मालमत्तावाल्याला. पुरुष जिन्यातच उकिडवे बसले. बाई वर आली. ती सेपा. साठीची, काटक, पेटतं टोक तोंडात धरून विडी ओढणारी. तिनं विडी बाहेर काढून विझवली, कानामागं खोचली आणि चिंबोऱ्यांची जुडी जमिनीवर ठेवली.

"हे तुमच्या बायकोला. तुम्हाला अजून काही द्यायचं ठरलेलं नाही."

"बस, मानांग सेपा. काय झालं?"

"मोजणीदार आला साखळी घेऊन. म्हणाला, घरं हलवा. म्हटलं, का रे बाबा? म्हणाला, जागा कंपनीची, साखरेच्या बोटींना धक्का बांधायचाय. म्हटलं, कंपनीला कुणी दिली? म्हणाला, डॉन हिलारिओननं विकली. म्हटलं, त्याला कुणी दिली? तर म्हणे कोर्टानं. आता कोर्टाला कुणी दिली, ते विचारायला तुमच्याकडे आले."

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. हिलारिओन, म्हणजे आर्योंग, हा पोन्यांगचा धाकटा भाऊ आणि गावचा नगराध्यक्ष.

डॉन इस्लाओंनी डोळे मिटले. "पट्टा कधी मिळाला त्याला?"

जिन्यातल्या एकानं मळका कागद पुढे केला. मोजणीदाराकडून तो त्यांनी चिंबोऱ्या देऊन मिळवला होता. पट्ट्याची तारीख होती चौदा सप्टेंबर १९१५. वर्ष भरायला तेवीस दिवस उरले होते.

"तुम्ही दावा का नाही लावलात? मुदत होती की."

"कसला दावा?"

"दवंडी पिटली ना तुमच्याकडे? डिसेंबरात, त्याच्या आदल्या वर्षी?"

"आमच्याकडे ढोल वाजतो तो फक्त मेल्यावर," सेपा म्हणाली. "त्या डिसेंबरात कुणी मेलं नाही."

डॉन इस्लाओंनी कागदाची घडी घालून तो परत दिला. मग म्हणाले, "मी दमलोय गं. खरंच दमलोय. इलोइलोत चांगले तरुण वकील आहेत."

"तिघांकडे जाऊन आले. पहिला म्हणाला, नंतर ये. दुसरा इंग्रजीत बोलला, ते त्याचं त्यालाच कळलं असेल. तिसरा म्हणाला, डॉन हिलारिओन माझ्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता. सगळ्या किनाऱ्याच्या पोरांचा धर्मपिता झालाय तो मेला. उरलात तुम्ही. तुमच्या मुलीचाही तोच असेल, पण तुम्ही निदान ते आधी सांगितलं नाहीत."

मेनिंगचाही तोच होता.

ती माणसं गेल्यावर त्यांनी मनिलाची पेटी उघडली. कुठला कागद शोधायचा ते त्यांना माहीत होतं, आणि तो सापडू नये असंही वाटत होतं. तिसऱ्याच गठ्ठ्यात तो सापडला. आर्योंगचं पत्र, ठसठशीत हस्ताक्षरात. डॉन इस्लाओंनी १९१४ च्या डिसेंबरात त्याला लिहिलं होतं, की मोजणी होणार आहे, तालाबोंगमध्ये दवंडी पिटव, त्या लोकांचा दावा लिहून घे. त्याचं हे उत्तर: 'दवंडी पिटवली. लोकांची काही हरकत नाही. त्या चाळीस घरांची काळजी तुम्ही करू नका, मी आहे. तुम्ही तिकडे स्वातंत्र्य आणा.'

कोर्टात मात्र आर्योंगनं शपथेवर लिहून दिलं होतं की त्या जागेवर कुणाचीही वस्ती नाही. नुसतं खाजण आणि बगळे.

दुपारी जेवायला बसले. तुरीचे दाणे, डुकराचं मांस आणि कच्चा फणस घालून पोन्यांगनं केलेली आमटी. एरवी ते दोनदा भात घेत. आज ताटातच बोटं फिरवत राहिले.

"सापडलं ना?" पोन्यांग म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"ते पत्र आलं तेव्हा मी तिथंच होते. त्या वर्षी नाताळला मी मनिलाला आले नव्हते का? तू वाचून टेबलावर ठेवलंस आणि झोपलास. मी वाचलं."

"मग?"

"मग काय? आर्योंगला मी कडेवर घेऊन वाढवलंय. 'मी आहे' असं तो म्हणाला की काहीतरी मोडलेलं असतं. लहानपणी माठ फुटायचे."

"तू बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस?" तिनं त्यांच्या ताटात आमटी वाढली, नको म्हणत असताना वाढली. "तू इतक्या समाधानानं झोपला होतास, इस्लाओ. महिनाभर झोप नव्हती तुला. मला वाटलं, झोपू दे."

चिंबोऱ्या शिजत होत्या, त्यांचा वास घरभर पसरला होता.

"आता हे कोर्टात नेलं तर तुझा भाऊ तोंड दाखवणार नाही," ते शेवटी म्हणाले.

"तुला तोंड दाखवायचं नसतं. तू खिडकीत बसतोस. रविवारी चर्चमध्ये त्याच्या शेजारच्या बाकावर मला बसायचं असतं. त्याची बायको, त्याच्या सुना, सगळ्या माझ्याकडे बघणार." ती उठली. हात धुऊन परत आली तेव्हा म्हणाली, "आधी त्याच्याकडे जाऊन ये. माणसासारखं विचार. मग काय ते कर. पण ते पत्र मी जाळेन असं वाटत असेल तर तसं नाही. जाळायचं असतं तर दीड वर्ष होतं माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी ते आर्योंगकडे गेले. तो अंगणात कोंबडा मांडीवर घेऊन त्याच्या पायांना तेल चोळत होता. गोरा, गुबगुबीत, सदा हसरा माणूस. त्याच्यावर रागावणं कुणालाच जमत नसे.

"या या, मानोंग!" थोरल्या भावाला हाक मारावी तसा तो त्यांना हाक मारी. "चॉकलेट घ्या. घट्ट करायला सांगतो. तब्येत काय म्हणते? निवडणुकीचं मनाला लावून घेऊ नका, लोक कृतघ्न असतात."

"आर्योंग, तालाबोंगची जमीन परत कर."

आर्योंग कोंबड्याच्या पायाला तेल चोळत राहिला. "कुणाला परत करू? त्यांची कधी होती?"

"चाळीस घरं आहेत तिथं. तूच लिहिलंस मला."

"आहेत ना. घरं आहेत, कागद कुठं आहे?" तो मनापासून हसला. "मानोंग, तुमचं ते भाषण माझ्या दिवाणखान्यात आहे. कागदाची भिंत. मला फार आवडलेलं. मी तुमचा कायदा पाळला, आता तुम्हीच मला दटावताय?"

"तू खोटी शपथ घेतलीस."

"आणि तुम्ही? डोंगरात एक शपथ घेतली होती, खाली आल्यावर दुसरी. आम्ही कधी काढलं का ते?" हे तो रागानं म्हणाला नाही. कोंबडा खाली सोडून तो उठला आणि त्यानं डॉन इस्लाओंच्या खांद्यावर हात ठेवला. "नदीकडची अर्धी तर विकलीसुद्धा. वरची अर्धी आहे, तिचं भाडं लावीन त्यांना, अगदी थोडं. काढणार नाही कुणाला. चॉकलेट प्या, निवतंय."

डॉन इस्लाओ चॉकलेट प्यायले. न पिता उठणं त्यांना जमलं नाही. ते पिऊन घरी आले आणि मेनिंगला म्हणाले, "शाळेतून कागद आण."

अर्ज इंग्रजीत करायचा होता. कायद्यानं स्पॅनिश अजून चालत होती, पण इलोइलोचे नवे न्यायाधीश अमेरिकेत शिकलेले, तरुण. स्पॅनिश कागद ते गठ्ठ्याच्या तळाशी ठेवत, आणि तेवीस दिवसांतला एक तर संपलाच होता. डॉन इस्लाओंना इंग्रजी वाचता येई, ते अडखळत, पाण्यात दगडावरून चालावं तसं. ते स्पॅनिशमध्ये सांगत आणि मेनिंग इंग्रजीत लिही. त्यांचं वाक्य सुरू झालं की घाट चढून, खाली उतरून, दोन वळसे घेऊन मुक्कामाला येई. मेनिंग ऐकून घेई आणि एक ओळ लिही.

"एवढंच?" ते विचारत.

"एवढंच म्हणालात, ताताय."

"मी 'अनादि काळापासून, पूर्वजांच्या घामानं भिजलेल्या' असं म्हणालो."

"इथं लिहिलंय ना, ते आधीपासून राहतात."

तिसऱ्या दिवशी ते खुर्चीत मागे रेलले. "पंचवीस वर्षं मी याच वाक्यांवर पोट भरलं," ते म्हणाले. "आणि त्यात एवढंच होतं म्हणायचं."

मेनिंगला वाईट वाटलं. तिनं 'पूर्वजांपासून' हा शब्द घातला.

मुदतीच्या दोन दिवस आधी अर्ज दाखल झाला. नोव्हेंबरात सुनावणी आली. सेपा आणि सात जण बांकेतून, म्हणजे दोन्ही बाजूंना बांबू बांधलेल्या होडीतून, समुद्रमार्गे इलोइलोला आले. कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून त्यांनी पानात बांधलेला चिकट भात खाल्ला, आणि शिपायानं हटकलं तेव्हा त्यालाही दिला. आर्योंग पांढऱ्या सुटात आला. त्यानं सगळ्यांशी हात मिळवले. सेपाच्या एका सोबत्याला तर प्रकृतीही विचारली.

पत्र डॉन इस्लाओंच्या नावानं आलेलं, तेव्हा ते खरं आहे हे सांगायला त्यांनाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागलं. पंचवीस वर्षं ते त्या पिंजऱ्याच्या समोरच्या बाजूला उभे होते. आतून कठडा फार खाली वाटला. त्यांनी पत्र वाचलं. न्यायाधीशांनी विचारलं, हस्ताक्षर कुणाचं? ते म्हणाले, "माझ्या बायकोच्या भावाचं."

मग आर्योंगचा वकील उठला. इलोइलोतला पोरगेलासा, केसांना तेल लावलेला. तो नम्रपणे बोलत होता आणि दुभाषा ते बाकीच्यांसाठी आमच्या बोलीत सांगत होता.

"डॉन वेन्सेस्लाओ, हा कायदा करताना तुम्ही मत कुणाच्या बाजूनं दिलंत?"

"कायद्याच्या."

"मोजणीची सूचना तुम्हाला प्रतिनिधी म्हणून मिळाली होती?"

"मिळाली होती."

"तुम्ही स्वतः तालाबोंगला गेलात?"

"नाही."

"कुणाला पाठवलंत?"

"मेव्हण्याला लिहिलं."

"त्याचं उत्तर आल्यावर खात्री करून घेतलीत?"

"नाही."

"का नाही?"

डॉन इस्लाओ त्या पोराकडे पाहत राहिले. त्यांच्या तोंडी एक लांब वाक्य आलं होतं, विधानसभेचं कामकाज, प्रकृती, टपालाची अव्यवस्था, सगळं त्यात बसलं असतं. ते त्यांनी गिळलं.

"पत्र वाचून मला बरं वाटलं," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला ते खरं वाटलं."

"तसं नाही. ते खरं आहे का, हे मी स्वतःला विचारलंच नाही. विचारलं असतं तर मला यावं लागलं असतं. डिसेंबरचा समुद्र होता आणि मी दमलो होतो."

दुभाष्यानं ते आमच्या बोलीत सांगितलं. आर्योंग हातातल्या टोपीची कड फिरवत होता. सेपा डॉन इस्लाओंकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर ना राग होता ना दया, बाजारात मासळी ताजी आहे का बघताना असतो तसा तो होता.

निकाल नाताळच्या आधी आठवडाभर लागला. आर्योंगची शपथ खोटी ठरली, पट्टा रद्द झाला. वरची अर्धी जमीन तालाबोंगच्या लोकांच्या नावे करायचा हुकूम झाला. पण नदीकडची अर्धी कंपनीनं पट्टा बघून, पैसे मोजून घेतलेली. तिला फसवणुकीची माहिती होती असं सिद्ध होत नाही, आणि पट्ट्यावर विसंबून घेणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. ती कंपनीकडेच राहिली. न्यायाधीशांनी त्या कलमाचा आकडा वाचून दाखवला. डॉन इस्लाओंना आकडा ऐकायची गरज नव्हती. भाषणात त्या कलमाची त्यांनी खास तारीफ केली होती.

चाळीसपैकी सव्वीस घरं नदीकडे होती. सेपाचं त्यातलंच.

जानेवारीत घरं हलवायची ठरली. डॉन इस्लाओ बांकेतून गेले. कुणी बोलावलं नव्हतं. आमच्याकडे घर बांबूवर उचलून माणसं खांद्यावर नेतात, गाणी म्हणत नेतात. त्यांना वाटलं होतं तसंच काही असेल. पण खाजणातली जुनी घरं, खारं पाणी पिऊन खांब भुसभुशीत झालेले. पहिलंच घर उचलताना मधोमध बसलं. मग कुणी उचललंच नाही. झापं सोडवली, बांबूच्या पट्ट्या सोडवल्या, चिखलातून डोक्यावर वाहिल्या. गाणं कुणी म्हटलं नाही, धाप लागत होती. डॉन इस्लाओ एका ओंडक्यावर बसले होते. कुणीतरी त्यांच्या हाती एक मांजर दिलं, धरा म्हणून. दिवसभर ते मांजर धरून बसले.

संध्याकाळी सेपा त्यांच्याजवळ येऊन टेकली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले.

"वर निपा नाही," ती म्हणाली. "निपा सगळा खाली. वरून रोज खाली यायचं, आणि कंपनीच्या माणसाला विचारून पान कापायचं."

"मी वरच्या कोर्टात जाऊ शकतो. मनिलाला."

"जिंकाल?"

त्यांनी विचार केला. "नाही."

"मग राहू द्या." तिनं विडी पेटवून उलटी तोंडात धरली. धूर नाकातून सोडत म्हणाली, "कोर्टात तुम्ही ते बोललात, दमलो होतो म्हणून. परत येताना बांकेत आमची माणसं तुम्हाला शिव्या देत होती. मी पण दिल्या."

"बरोबर आहे."

"बरोबर आहेच. पण आमचा टोमास म्हणाला, दुसरा असता तर दवंडीवाल्यावर ढकललं असतं. दवंडीवाला मेलाय केव्हाच, त्याला काय फरक पडला असता." ती उठली. "मांजर द्या. ते टोमासच्या घरचं आहे."

त्यानंतरचं सांगण्यासारखं थोडं आहे. आर्योंगला शिक्षा झाली नाही. खोट्या शपथेचा खटला कुणी भरलाच नाही. पुढल्या निवडणुकीत तो पुन्हा नगराध्यक्ष झाला. चर्चमध्ये त्याच्या घरच्यांनी बाक बदलला, दोन रांगा पुढे गेले. पोन्यांग आपल्या जुन्या बाकावर एकटी बसे. भावाच्या नातवाच्या बारशाचं तिला बोलावणं आलं नाही, त्या दिवशी तिनं घरातले सगळे पडदे काढून धुतले. डॉन इस्लाओ म्हणाले, "माझ्यामुळे झालं हे." ती पिळता पिळता म्हणाली, "सगळं आपल्यामुळे होतं असं वाटायची तुला सवयच आहे. मी पत्र दडवलं असतं तर तुला मिळालं नसतं. टोक धर पडद्याचं."

१९१९ मध्ये पक्षाची माणसं मोटार घेऊन आली. तालाबोंगच्या खटल्यानं तुमचं नाव झालंय, या खेपेला सहज याल, म्हणाली. डॉन इस्लाओंनी त्यांना बसवलं, आल्याचा काढा दिला.

"घोषणा काय आहे?" त्यांनी विचारलं.

"तीच. ताबडतोब स्वातंत्र्य."

"मला जिना उतरायला पाव तास लागतो," ते म्हणाले. "माझ्या तोंडी तो शब्द शोभत नाही."

पाटी मात्र मेनिंगनं लावली. लोक येत राहिले. बहुतेक कागद नसलेले. ते ऐकून घेत, प्रश्न विचारत, आणि जमिनीची गोष्ट असली की काहीही न बोलता टोपी घालून स्वतः ती जागा बघायला जात. पाऊस असो, ऊन असो. गुडघे सुजत. पोन्यांग रात्री गरम मिठाच्या पुरचुंड्या शेकायला देई आणि शिव्या देई. एकदा तीन डोंगर चालून ते एका बाईचं रताळ्याचं शेत बघून आले, जे या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्त वीस पावलं होतं. "एवढंसंच होतं?" मेनिंगनं विचारलं. "वीस पावलं," ते म्हणाले. "मोजली." अर्ज ती लिही. त्यांची वाक्यंही आखूड होत गेली, इतकी की कधी कधी तिला तीच भर घालावी लागे.

त्यांना कधी हलकं वाटलं का, कोण जाणे. मेनिंग म्हणे की खटला जिंकल्यावरही ते आनंदी दिसत नसत; जोडे काढताना जसा चेहरा होतो, तसा फक्त व्हायचा.

१९२५ च्या ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, एका दुपारी, कामाच्या खुर्चीतच ते गेले. पुढ्यात एका कोळ्याचा अर्धा लिहिलेला अर्ज होता. तो कोळी समोरच बसला होता. त्याला वाटलं, डॉन इस्लाओ विचार करताहेत, म्हणून तो बराच वेळ गप्प बसून राहिला.

दफनाला आर्योंग आला. म्हातारा झाला होता, रडला, आणि ते रडणं खोटं नव्हतं. पोन्यांगनं त्याला बसायला खुर्ची दिली, पण त्याच्याशी बोलली नाही. तालाबोंगहून अकरा बांका निघाल्या होत्या. ओहोटी लागली आणि त्या नदीच्या तोंडाशी चिखलात रुतून बसल्या. माणसं पोचली तेव्हा दफन उरकलं होतं, पाद्री घरी गेला होता. सेपा आता चालत नव्हती, तिला खुर्चीतून आणलं होतं. त्यांनी कबर बघितली. मग पोन्यांग सगळ्यांना घरी घेऊन आली, भात टाकला, आणि अकरा बांकांची माणसं तिच्या ओसरीवर, जिन्यावर, अंगणात बसून जेवली. भरती यायला अजून वेळ होता, म्हणून जेवून सगळी तिथंच आडवी झाली.